ना गाडी, ना घोडा. तरी अर्धं जग पालथं घालणारी बाई: केडगावच्या पंडिता रमाबाई

केडगाव म्हटलं की नगरकरांच्या डोळ्यासमोर आपलं नगर शहराच्या वेशीवरचं केडगाव येतं. पण दौंडहून पुण्याकडे रेल्वेने जाताना आणखी एक केडगाव लागतं. श्रीगोंदा, काष्टीकडची माणसं पुण्याला जाताना ते स्टेशन कित्येकदा बघतात. गाडी मिनिटभर थांबते, कोणी उतरतं, कोणी चढतं, गाडी पुढे निघते. त्या स्टेशनाजवळ एक जुनी संस्था आहे, मुक्ती मिशन. ती ज्या बाईने उभी केली तिने त्याआधी काय काय केलं होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आजकाल मोबाईलवर व्हिडिओ येतात. पोरी बुलेट घेऊन लडाखला जातात. रमिला लटपटे ही मराठी बाई तर नऊवारी नेसून मोटारसायकलवर देशोदेशी फिरली. लोक बघतात, कौतुक करतात, आणि काही जण खाली नको ते लिहितातही. बाईमाणूस एकटी एवढ्या लांब कशाला, घरच्यांनी सोडलंच कसं, असले प्रश्न. हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तेच प्रश्न पंडिता रमाबाईंना विचारले गेले, आणि त्यांना तर सोडायला घरचं कोणी उरलेलंच नव्हतं.

मोटारसायकल तेव्हा कुठे होती? जर्मनीत डाइमलर नावाच्या माणसाने लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली दुचाकी बनवली ते साल १८८५. त्याच्या पुढच्याच वर्षी रमाबाई अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. म्हणजे त्यांचा सगळा प्रवास पायी, बैलगाडीने, बोटीने आणि रेल्वेने.

टोपलीतून सुरू झालेला प्रवास

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. पुण्यात शिकायला असताना पेशव्यांच्या घरातल्या बाईला आपले गुरू संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिलं आणि मनात पक्कं केलं की आपल्या बायकोलाही शिकवायचं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर गोदावरीकाठी यात्रेला आलेल्या एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. तेव्हा अनंतशास्त्री चाळिशी ओलांडलेले. आज ऐकायला हे भयंकर वाटतं, आणि ते तसंच आहे. पण त्या लक्ष्मीबाईला त्यांनी संस्कृत शिकवलं ते अगदी मनापासून.

गावाने विरोध केला. बाईला देवभाषा शिकवतो म्हणजे काय! शेवटी अनंतशास्त्री बायकोला घेऊन पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पण दानधर्म आणि पाहुणचार यात होतं नव्हतं ते गेलं, कर्ज झालं, आणि रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना सगळं कुटुंब बाहेर पडलं. तान्ह्या पोरीला वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावर दिलं आणि यात्रा सुरू झाली. ती पुढे सोळा-सतरा वर्षं थांबलीच नाही.

गावोगावच्या देवळात पुराण सांगायचं, लोक जे धान्य, पैसे देतील त्यावर जगायचं, पुढच्या तीर्थाला निघायचं. आई पहाटे उठून रमेला शिकवायची. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक पोरीला पाठ. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पाटी हातात नाही, सगळं कानाने ऐकून. आणि लग्न मात्र नाही. त्या काळात बारा वर्षांची ब्राह्मणाची मुलगी बिनलग्नाची म्हणजे गावोगाव चर्चा. मोठ्या मुलीचं लग्न लवकर करून अनंतशास्त्र्यांना वाईट अनुभव आला होता, म्हणून धाकटीच्या बाबतीत त्यांनी घाई केली नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ ते १८७७ मध्ये मद्रास इलाखा होरपळला. आपल्या नगर जिल्ह्यानेही १८७६-७७ चा दुष्काळ बघितला आहे. पुराण ऐकायलाच माणूस शिल्लक नाही, दान कोण देणार. डोंगऱ्यांकडची भांडी, दागिने, कपडे विकून झाले. भीक मागायची लाज, मजुरी करायची सवय नाही. शेवटी झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन माणसं कशीबशी आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी स्वतः रमा. ती उंचीने लहान, खांद्यावर घेतलं तर तिरडी कलायची. म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली आणि सुमारे तीन मैल चालली. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. नंतर मोठी बहीणही पटकीने गेली.

राहिले दोघं भावंडं. ही दोघं मग उत्तरेकडे निघाली आणि पंजाब, काश्मीरपर्यंत पायी गेली. एकूण चाललेलं अंतर चार हजार मैलांच्या आसपास, म्हणजे सहा हजार किलोमीटरहून जास्त. पंजाबच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नाही. तेव्हा झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून दोघं त्यात झोपायची, डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून तेच जेवण. बुलेटवाल्या पोरांकडे आज तंबू असतो, स्लीपिंग बॅग असते. ह्या दोघांकडे वाळू होती.

चालता चालता दोघांच्या मनातून एक गोष्ट मात्र गळून पडली. इतकी तीर्थं केली, इतके उपवास केले, देवाला इतकं दिलं, आणि आईबाप उपाशी मेले. जुन्या विश्वासाला तडा गेला तो इथे.

कलकत्त्यात नाव, आणि लगेच पोरकेपण

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी घडाघडा संस्कृत बोलते, हे ऐकून तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली. खूष होऊन तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. काल झाडाचा पाला खाणारी पोर आज सभांमध्ये बोलू लागली. पण १८८० मध्ये श्रीनिवास वारला. आता रक्ताचं असं कोणीच नाही.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर. त्या काळी अशा बाईने कोपऱ्यात बसायचं असतं. रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी आधार दिला. १८८२ च्या जूनमध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला, मराठीत 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे जाऊन साक्ष दिली. तिथे त्यांनी जे मांडलं ते आजही पटेल. बायकांना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, नाहीतर लाजेपायी बायका दुखणं अंगावर काढतात आणि मरतात.

बोलून झालं. पण डॉक्टर होणार कोण? त्यांनी ठरवलं, आपणच.

समुद्रापलीकडे

एप्रिल १८८३ मध्ये रमाबाई बोटीने इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च पुस्तकाच्या विक्रीतून काढला. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. पुरुष गेला तरी परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. आणि इथे विधवा बाई, लेकरू घेऊन.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता, त्यांची शाखा पुण्यात होती, तिथली ओळख. व्यवहार सरळ ठरला होता. हिंदुस्थानात काम करायला जाणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, बदल्यात राहणं-जेवणं. फुकट कोणाचं घ्यायचं नाही, ही त्यांची सवय शेवटपर्यंत राहिली.

पण पोहोचल्यावर एकामागून एक आघात झाले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचं मन त्या परक्या देशात ढासळलं आणि त्यांनी स्वतःला संपवलं. रमाबाईंना त्या धक्क्यातून सावरायला वेळ लागला. दुसरं म्हणजे त्यांच्या कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरीचं शिक्षण शक्य नाही असं झालं. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचं गेलं.

आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे पुण्यात गदारोळ झाला. काल ज्यांनी पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी तोंड फिरवलं. त्यांच्यावर जबरदस्ती झाली की फूस लावली, अशा चर्चा झाल्या. रमाबाईंचं पुढचं वागणं बघितलं तर ही बाई कोणाच्या फुशीने चालणारी नव्हती, एवढं नक्की कळतं. कारण धर्म घेतल्यावर तिथल्या धर्मगुरूंशीही त्यांचे खटके उडालेच. अमुक मानलंच पाहिजे म्हटलं की त्या विचारायच्या, का? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. तिथे तरुण मुलांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परत गेल्यावर लोक काय म्हणतील, अशी काळजी. पुण्याच्या शास्त्र्यांनी जे म्हटलं असतं तेच गोऱ्या बिशपांनी म्हटलं! रमाबाईंनी खरमरीत पत्रं लिहून आपलं म्हणणं मांडलं. धर्म त्यांनी बदलला, पण स्वतःचं डोकं कोणाच्या ताब्यात दिलं नाही. आणि जेवणही बदललं नाही. परदेशात असोत की इथे, त्या शाकाहारीच राहिल्या.

अमेरिका: तीस हजार मैल

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्येच अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळणार होती. कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी रमाबाईंना या समारंभाला बोलावलं. दोघींचं लांबचं नातंही होतं. रमाबाई मनोरमेला घेऊन फेब्रुवारीत लिव्हरपूलहून बोटीत बसल्या. हिवाळ्यातला अटलांटिक महासागर म्हणजे वादळ आणि लाटा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या पोहोचल्या.

जिला डॉक्टर व्हायचं होतं आणि होता आलं नाही, ती बाई दुसरीला डॉक्टर होताना बघायला एवढा समुद्र ओलांडून गेली. आनंदीबाई पुढे वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने पुण्यात वारल्या. वय एकवीस.

रमाबाई अमेरिकेत काही महिनेच राहणार होत्या. राहिल्या जवळपास तीन वर्षं. या काळात त्या अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे तीस हजार मैल फिरल्या. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर. पृथ्वीला एक फेरा मारायला चाळीस हजार लागतात, म्हणजे हिशोब करा. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत, आगगाडीने, एका शहरातून दुसऱ्या शहरात. अंगावर पांढरं लुगडं, केस कापलेले, ठेंगणी मूर्ती, राखाडी डोळे. व्यासपीठावर उभी राहिली की सभा चिडीचूप.

बोलायच्या काय? आपल्याकडच्या बालविधवांबद्दल. सात-आठ वर्षांच्या पोरी, नवरा कोण ते नीट पाहिलेलंही नाही, तो मेला म्हणून जन्मभर अलवण, केशवपन, एकवेळ जेवण आणि घरकाम. यांच्यासाठी एक शाळा काढायची आहे, राहण्या-जेवणासकट, जिथे त्या शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. पैसे हवेत. देशातल्या श्रीमंतांनी दिले नाहीत म्हणून परक्यांपुढे पदर पसरायचा, आणि पसरताना आपल्याच देशाची उणी काढायची, हे त्यांना सोपं गेलं नसणार. इकडे त्यावर टीकाही झाली. घरातली धुणी बाहेर धुते, अशा अर्थाची. आजही एखाद्या पोरीने गावातली गोष्ट बाहेर सांगितली की हेच ऐकावं लागतं.

१८८७ मध्ये त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दलचं पुस्तक लिहिलं. ते हजारोंनी खपलं आणि त्याचे पैसे थेट कामाला लागले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. शाळेचा खर्च दहा वर्षं उचलायचं त्यांनी कबूल केलं. शहरोशहरी बायकांची मंडळं निघाली, एकेकीने वर्षाला थोडे थोडे डॉलर द्यायचे. आपल्या बचत गटासारखंच म्हणा ना.

या सगळ्यात एक गोष्ट दुखरी राहिली. पाच वर्षांच्या मनोरमेला घेऊन गावोगाव फिरणं जमेना. तिला परत इंग्लंडला मठातल्या जोगिणींकडे पाठवावं लागलं. दुसऱ्यांच्या पोरींसाठी पैसे गोळा करत आई एका खंडात, आणि स्वतःची पोर महासागराच्या पलीकडे. घर सोडून काम करणाऱ्या कोणत्याही आईला यात काय आहे ते सांगावं लागणार नाही.

रमाबाई नुसत्या भाषणं देत फिरल्या नाहीत. त्या बघत होत्या. फिलाडेल्फियात त्यांनी बालवाडीचं, म्हणजे किंडरगार्टनचं शिक्षण घेतलं. लहान पोरांना न मारता, खेळातून शिकवायचं, ही कल्पना त्यांना फार आवडली. शाळा, वाचनालयं, दवाखाने, बायकांच्या संघटना, सगळीकडे जाऊन कसं चालतं ते विचारलं. दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांच्या मोठ्या संघटनेच्या फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी मैत्री झाली. दारूने घर कसं बसतं हे सांगायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं.

पण अमेरिका बघून त्या भाळल्याही नाहीत. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक छापलं. अमेरिकेबद्दल मराठी बाईने मराठीत लिहिलेलं असं पुस्तक तोवर नव्हतं. त्यात तिथल्या लोकशाहीचं, शाळांचं, बायकांच्या धडाडीचं कौतुक आहे. आणि काळ्या माणसांना तिथे कसं वागवलं जातं, मूळच्या रहिवाशांच्या जमिनी कशा घेतल्या गेल्या, हेही आहे. बायका कंबर बारीक दिसावी म्हणून स्वतःला आवळून घेतात आणि टोपीवर पाखरांची पिसं लावतात, यावरही त्यांनी लिहिलं. गोरे साहेब आपल्याकडे येऊन आपल्या चालीरीतींवर पुस्तकं लिहायचे. इथे एका मराठी बाईने उलटा चष्मा लावून गोऱ्यांचा देश पाहिला.

त्याच दिवसांत, ऑगस्ट १८८८ मध्ये, जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन पोरांना बसवून शंभर किलोमीटरवर माहेरी गेली. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो. रमाबाईंच्या आणि तिच्या प्रवासाचा एकमेकींशी संबंध नाही, पण साल एकच आहे.

१८८८ च्या अखेरीस रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसल्या. वाटेत जपानमध्ये उतरून तिथेही भाषणं दिली, मग हाँगकाँग, आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबई. पश्चिमेच्या वाटेने गेलेली बाई पूर्वेच्या वाटेने परत आली. म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. वय तीस.

प्रवासाचं काय केलं?

परत येऊन दीड महिना झाला नाही तोच, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत गिरगावच्या चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीला दोनच मुली. त्या सदनात शिकलेली एक बालविधवा म्हणजे गोदूबाई. तिच्याशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. महर्षी कर्व्यांचं नाव घराघरात आहे. ती गोदूबाई शिकली कुठे, हे फारसं सांगितलं जात नाही.

सदन १८९० मध्ये पुण्याला आलं. आणि वाद पेटला. सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, केसरीने झोड उठवली. रमाबाई म्हणायच्या, कोणाला सांगायला जात नाही, पण माझ्या प्रार्थनेचं दारही लावून घेत नाही. मुली त्या दारातून आत येत होत्या हेही खरं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी आजही लिहिलं जातं. एक मात्र कोणी नाकारत नाही. त्या पोरींसाठी तोवर दुसरं दार उघडंच नव्हतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. पोरी विकल्या जात आहेत, रस्त्यावर मरत आहेत. वीस वर्षांपूर्वी झाडाचा पाला खाल्लेल्या बाईला हे वाचून घरात बसवेना. त्या स्वतः गेल्या, आणि सुमारे तीनशे बायका-पोरींना घेऊन आल्या. पण पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या जणींना शहरात ठेवायला परवानगी नाही. मग आठवण झाली केडगावच्या जमिनीची. दौंड तालुक्यातली ही शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती, फळबाग करून संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून. तिथे तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या, विहिरी खणल्या. दौंडकडच्या त्या कोरड्या माळाचं ऊन श्रीगोंद्याच्या माणसाला सांगायला नको.

हेच ते मुक्ती सदन. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा एकदा अमेरिकेला जाऊन आल्या. दहा वर्षांचा करार संपत आला होता, मदत पुढे चालू ठेवायची होती. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आणल्या. केडगावला राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढं म्हणजे मोठं खेडंच की, आणि सगळं बायकांचं.

अमेरिकेत बघितलेलं इथे मातीत उतरलं. लहानग्यांना बालवाडी. मोठ्यांना विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शेती. छापखाना तर बायकाच चालवायच्या, खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली होती, तिने त्यांना वाचायला शिकवलं. जिची फसवणूक झाली, जिला घराने टाकलं, तिच्यासाठी वेगळं सदन. ज्यांना कुणीच घेत नव्हतं त्यांना इथे काम आणि ताट मिळालं. त्यातल्या किती जणी मनाने ख्रिस्ती झाल्या आणि किती परिस्थितीने, हा प्रश्न विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

पुढच्या वीसेक वर्षांत रमाबाई केडगावातून फारशा बाहेर पडल्या नाहीत. जन्मापासून फिरलेली बाई एका जागी बसली ती इथे. बसून एकच मोठं काम धरलं. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून मूळावरून बायबलचं मराठी भाषांतर, आणि तेही संस्कृतचा बोजा कमी करून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. जिने सगळं संस्कृत तोंडपाठ केलं होतं तिनेच हे केलं. सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. वय चाळीस. आईचं काम तीच पुढे चालवणार होती. ज्या पोरीला तान्ही असताना कडेवर घेऊन पुण्याला आलो, दोन वर्षांची असताना समुद्रापार नेलं, पाच वर्षांची असताना दूर ठेवलं, ती आपल्याआधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहीत. भाषांतराची शेवटची पानं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. पुस्तक त्यांच्यामागे तिथल्याच छापखान्यात बायकांनी छापून पुरं केलं.

१९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. संस्था अजून चालू आहे. नगरहून दौंडमार्गे पुण्याला जाताना पाटस मागे पडलं की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन येतं.